सुतळीने मोजलेली खोली

मी एक वेताची खुर्ची बोलतेय. माझी हकिगत सांगायची तर वहिनींच्या व्रतापासूनच सुरुवात करायला हवी.

वहिनी उपासतापासांच्या. त्यांच्या थोरल्या नणंदबाई कॉलेजात फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या. आधुनिक फ्रेंच कादंबऱ्यांत माणसाची आठवण जागेला कशी चिकटून राहते, यावर त्या माझ्यात बसून ग्रंथ लिहीत. एकदा केर काढताना वहिनींनी मला हातभर सरकवलं, आणि नणंदबाईंनी मनात जुळवलेलं अख्खं पान उडालं. त्याच दिवशी वहिनींनी देवापुढे हात जोडले, "ग्रंथ पुरा होईस्तोवर या खोलीतलं काहीही जागचं हलवणार नाही."

"वहिनी, तुझ्या देवाला फ्रेंच येतं का गं?"

"त्याला मन वाचता येतं, वन्सं. भाषा आपल्याला लागते."

पुढे माझा वेत सैल झाला, एक हात डुगडुगू लागला. पण मी जागची हलले नाही. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं, आणि घरमालकाने घर मागितलं.

वहिनींनी सुतळी आणली. माझ्यापासून खिडकी, खिडकीपासून कपाट, सगळं मोजून गाठी मारल्या. नव्या घरात त्या गाठींबरहुकूम मला मांडलं. नणंदबाई बसल्या. कागद कोरा. आठवडा गेला तरी कोराच.

"संपलं गं माझं," त्या म्हणाल्या.

"छे! सुतळीच ताणली गेली असेल," म्हणत वहिनी पुन्हा मोजू लागल्या. चेहरा मात्र उतरला होता.

नवं स्वयंपाकघर अंधारं. एका सकाळी तिथला दिवा गेला, म्हणून वहिनी मटार सोलायला खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. जुन्या घरी रोज बसत, तशाच. दाणे पातेल्यात टपटपू लागले. थोड्या वेळाने माझा डुगडुगता हात हलू लागला. नणंदबाई लिहीत होत्या.

मटार संपले. वहिनी उठू लागल्या.

"हलू नकोस! काही हलवणार नाही म्हणाली होतीस ना?"

"पण मी कुठे खोलीत होते, वन्सं? मी आपली उंबऱ्यात."

"तेवढंच मोजायचं राहिलं तुझं."

त्या दिवशी घरात जेवायला चार वाजले.

ग्रंथ आता कपाटात उभा आहे. व्रत पुरं झालं, म्हणून मला बाल्कनीत हलवलंय. माझ्यावर टॉवेल वाळतात. तक्रार नाही. मागणं एकच. तुमच्या घरात कुणी मन लावून काही करत असेल, तर तुम्हीही असं एक व्रत धरा. किती झालं, कधी संपेल, विचारू नका. निवडायला काहीतरी घ्या आणि त्यांच्या दाराशी जाऊन बसा.