उत्तर येईलच असे गृहीत धरून

बाबा गेल्यानंतरही रोज सकाळी त्यांचा फोन वाजायचा आणि पडद्यावर प्रश्न उमटायचा: 'गोळी घेतली का?' आई चष्मा शोधायची, 'घेतली' हे बटण दाबायची आणि मग चहा टाकायची. त्या उत्तरावर विसंबून औषधदुकानाची यंत्रणा नवं खोकं पाठवायची. चपलांच्या कपाटातला वरचा कप्पा भरत आला होता.

"खोटं कशाला सांगतेस?" मुलीने एकदा विचारलं.

"नाही सांगितलं तर पुन्हा पुन्हा विचारतो. तुझ्या बाबांच्या वरताण आहे."

हा चिवटपणा आपल्याच ऑफिसात जन्मला, हे मुलीने सांगितलं नाही.

ऑफिसात तिला शंकासूर म्हणत, तेही तोंडावर. हॉस्पिटल, औषधदुकान आणि पेशंटचा फोन हे तिघे एकमेकांशी फक्त निरोपांनी बोलत. कोणी कोणाला काय पाठवायचं, त्यावर काय उत्तर यायला हवं, याचे नियम ती गणिताच्या काटेकोर भाषेत लिहायची. मग पडताळणीचा प्रोग्राम त्या नियमांतून घडू शकणारं प्रत्येक संभाषण तपासायचा. कोणी कोणाची वाट बघत जन्मभर ताटकळत तर बसत नाही ना, एवढंच तिचं दुखणं.

शुक्रवारी यंत्रणेची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. पडताळणी हिरवी होती, म्हणजे कुठेच काही अडत नव्हतं. हिरवी होती, कारण नियमांच्या डोक्यावर एक ओळ बसली होती: पेशंट कधी ना कधी उत्तर देतोच. तिने ती ओळ पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. लाल. खाली पुरावा म्हणून एक संभाषण दिलं होतं. प्रश्न, प्रश्न, प्रश्न, आणि शेवटी शेरा: यापुढे हेच चालू राहील.

ती टीमच्या प्रमुखाकडे गेली. साध्या प्रश्नालाही फळ्यावर आकृती काढायची सवय असल्याने त्यांना सगळे गुरुजी म्हणत.

"गुरुजी, पेशंटने उत्तर दिलंच नाही तर?"

"का नाही देणार? फोन हरवला तर नवा घेईल. गावाला गेला तर परत येईल."

"वारला तर?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. बाबा गेले तेव्हा ते घरी येऊन, काय बोलावं न सुचून, वायफायचा वेग चांगला आहे म्हणाले होते.

"तू आणखी थोडी रजा घ्यायला हवी होतीस," ते म्हणाले.

"रजा नको. एक निरोप वाढवून हवाय. आणि उत्तर आलं नाही तर काही वेळाने यंत्रणेने गप्प बसून हॉस्पिटलच्या माणसाला फोन करायला सांगायचं."

"वाढव. पण तो निरोप पेशंटच्याच फोनवरून यायला हवा. दुसऱ्या कोणाला परवानगी दिलीस तर उद्या कोणीही उठून कोणालाही मारेल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तिने नवा निरोप लिहिला: 'पेशंट हयात नाही'. हॉस्पिटलने आणि दुकानाने तो मिळाल्याचं कळवायचं, त्यानंतर त्या फोनवर कोणी काही पाठवायचं नाही. प्रोग्रामने सगळ्या शक्यता धुंडाळल्या. कोणी ताटकळत नव्हतं. हिरवं.

शनिवारी सकाळी ती आईजवळ बसली होती. फोन वाजला. 'घेतली' आणि 'नाही घेतली' यांच्या खाली आता तिसरं बटण होतं. तिने आईला ते वाचून दाखवलं.

"म्हणजे हे त्यांनी स्वतः कळवायचं?"

"त्यांच्या फोनवरून."

"यायला उशीर होईल एवढंसुद्धा कधी कळवलं नाही त्या माणसाने. आता हे कळवणार!"

मुलगी हसली. हसू आवरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"दाबलं की उद्या वाजणार नाही?"

"नाही."

"नक्की?"

"सगळं तपासलंय, आई."

आईने फोन तिच्यापुढे केला. "मग तूच दाब. मला ही बारीक अक्षरं दिसत नाहीत."

मुलीने फोन घेतला. मागच्या बाजूला बाबांनी स्वतःचं नाव लिहून चिकटवलेली पट्टी अर्धी निघाली होती. ती तिने अंगठ्याने पुन्हा बसवली. पडद्याचा उजेड मंदावला, तेव्हा बोट लावून तो जागा केला. मग तिने 'घेतली' दाबलं.

आई उठली.

"चष्म्याशिवाय एवढं दिसतं मला," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मुलीने चपलांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि पुढच्या खोक्यासाठी जागा केली.