गट क्रमांक ८७ चा रंग

आसरगाव नगरपरिषदेच्या सभागृहात आम्ही नव्या विकास आराखड्याचा नकाशा लावला तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच शंभरेक माणसं येऊन गेली. पुढच्या वीस वर्षांत घरं कुठे होणार, बाजार कुठे भरणार, रस्ते कुठून जाणार, हे सगळं त्या एका नकाशात होतं. लोक आधी आपला गट नंबर शोधत. त्यावर पिवळा रंग दिसला की मोबाइलवर फोटो काढून हसत बाहेर पडत. पिवळा म्हणजे रहिवासी. म्हणजे शेताचे प्लॉट पाडता येणार.

मी तिथे रचना सहायक होते. रोज दर्यापूरहून बसने यायची. नकाशासमोर उभं राहून लोकांना रंग समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

माणिकबाई तिसऱ्या दिवशी आल्या. साठीच्या आसपासच्या, उंच, पायात रबरी चपला, नुकताच बाजार उरकून आलेल्या. गावाच्या पूर्वेला त्यांचं दोन एकर वावर होतं. त्यात शेवंती, झेंडू, पालक, वांगी. नवरा, शालिकराम, आठ वर्षांपूर्वी वारला होता. वावर त्यांच्याच नावावर होतं.

"सत्त्याऐंशी गट कुठी हाये?"

मी बोट ठेवलं. "हा. रहिवासी झालाय बाई. भाव वाढेल तुमच्या जमिनीचा."

"मी इकून राहिली का?"

 त्यांनी नकाशाजवळ तोंड नेलं आणि पिवळ्यातून जाणाऱ्या दोन रेघांवर नख टेकवलं.

"हे काय?"

"अठरा मीटरचा रस्ता."

"हा माह्या इहिरीवरून गेला. तुमच्यापैकी कोनी पाह्यली होती का इहीर?"

कोणीच पाहिली नव्हती. आम्ही उपग्रहाच्या चित्रावरून रेघा ओढल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, तीस दिवसांत हरकत घेता येते. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. तिथेच बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. माझं वावर शेतीतच ठेवा. रस्ता जुन्या पांदणीवरून न्या.

त्या दुसऱ्या वाक्याने सगळं पेटलं.

पांदण म्हणजे वावरांमधली गाडीवाट. गावाच्या जुन्या नकाशात ती होती, जमिनीवर नव्हती. माणिकबाईंच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून खुशालरावांचं नऊ एकर होतं, आणि पांदण त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी नांगरून आपल्या कपाशीत घेतली होती. आता त्या नऊ एकरांवर प्लॉट पाडायची त्यांची तयारी झाली होती. रस्ता माणिकबाईंच्या वावरातून गेला तर खुशालरावांना तो फुकटात मिळणार होता. पांदणीवरून गेला तर पांदण सोडावी लागणार होती, वर त्यांची स्वतःची एक पट्टीही जाणार होती.

पंधरा दिवसांनी मी जागेची पाहणी करायला गेले. रस्त्यापासून माणिकबाईंच्या वावरापर्यंत जी वाट होती ती खुशालरावांच्या शेतातून जायची. तिच्यावर जेसीबीने आडवी नाली खोदली होती. माणिकबाई डोक्यावर पालकाची टोपली घेऊन नालीत उतरत होत्या आणि पलीकडून हातांवर जोर देऊन वर येत होत्या. मालाचा ऑटो आता आत येत नव्हता. धुऱ्यालगतच्या झेंडूच्या चार ओळी ट्रॅक्टरच्या चाकाखाली चिरडलेल्या होत्या. फुलं काळी पडली होती.

खुशालराव धुऱ्यावर उभेच होते. पांढरे कपडे, हातात मोबाइल.

"या मॅडम. मोजा. पांदण सापडते का पाहा."

"ही नाली कोणी खोदली?"

"मी. माह्या वावरात. पानी साचते म्हनून."

माणिकबाईंनी टोपली खाली ठेवली. "पानी कुठलं साचून राहिलं रे? अजून मिरग लागाचा हाये."

"तू अर्ज मागं घे. नाली उद्या बुजते."

"नाई घेत."

"माणिकबाई, सारं गाव पिवळं होऊन राहिलं. तू एकटी आडवी पडली. लोकायचं भलं होत असन तर तुह्या पोटात काहून दुखते?"

"लोकायचं नाई. तुह्यं."

त्यांनी माणिकबाईंकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे वळले. "लिहून घ्या मॅडम. बाई भांडखोर हाये. पोरगंही जवळ राहत नाई तिच्यापाशी."

मी विहीर पाहिली, पांदण मोजली. जुन्या नकाशातले दोन दगड झुडपांत सापडले. अहवालात ते लिहिलं. त्या दिवशी परत निघताना माणिकबाईंनी मला घरी नेऊन चहा दिला, वांगी बांधून दिली. मी नको म्हणत होते. "घ्या. आमच्याकडून घेनारे कमी झाले आता," त्या म्हणाल्या. बाजारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बायांनी जागा बदलली होती. प्रत्येकीच्या घरचं थोडंफार वावर पिवळ्यात आलं होतं. एका बाईची हरकत मान्य झाली तर अख्खा नकाशा रद्द होईल, असं कोणीतरी पसरवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हरकती ऐकणाऱ्या समितीचे सदस्य समोर टेबलाशी, मी कोपऱ्यात नोंदी घ्यायला. माणिकबाई एकट्या आल्या. खुशालरावांसोबत वकील होता, आणि वकिलाच्या शेजारी तिशीतला एक माणूस खाली मान घालून बसला होता. माणिकबाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा ताठ झाला. तो त्यांचा मुलगा जीवन. अमरावतीला नोकरी करायचा.

वकिलाने त्यालाच आधी उभं केलं.

"साहेब, आईचं वय झालं," जीवन म्हणाला. "ती एकटी राहते. तिला यातलं काही समजत नाही. मी वारस आहे. जमीन रहिवासीच ठेवा, रस्ताही आहे तिथंच ठेवा."

"मी मेली नाई अजून," माणिकबाई म्हणाल्या.

सभागृहात कोणीतरी हसलं. जीवनने मान वर केली नाही.

"माह्या नावाचा सातबारा हाये. याले मी अमरावतीले शिकवलं ते याच वावरातल्या फुलायवर. आता हा त्यायच्या बाजूनं बसून मले समजत नाई म्हनते. साहेब, मले एवढं समजते, की मले वावर करायचं हाये. इकायचं नाई. तुमाले नकाशात लिहाले काय हरकत हाये?"

अध्यक्ष म्हणाले, चारी बाजूंनी वस्ती येणार असताना मधे दोन एकर शेती ठेवणं नियोजनात बसत नाही.

तेवढ्यात खुशालराव बसल्या जागेवरून म्हणाले, "इतकंच हिरवं पाह्यजे तर बगीचा टाका तिच्या वावरात. आमच्या प्लॉटवाल्यायले फिराले होईन."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पूर्वेकडे मोकळ्या जागा कमी पडतात ना आपल्याला?"

"हो सर," मी म्हणाले. "एकही बाग नाही."

हे खरं होतं. माझ्या तक्त्यात उद्यानांचा रकाना महिनाभर अपुरा होता. त्याच आठवड्यात शिफारशींचा मसुदा मी केला. रस्ता पांदणीवरून. गट क्रमांक सत्त्याऐंशी, उद्यानासाठी आरक्षित. मी स्वतःला सांगितलं की शेती म्हणून तर तो राहणार नाहीच, निदान असा कोणी बिल्डर घेणार नाही. आणि तक्ता पुरा झाला याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

समितीने मसुदा जसाच्या तसा उचलला.

सुधारित नकाशा लागला त्या दिवशी खुशालराव आधी आले. पांदण गेली, पट्टी गेली. त्यांनी मला सगळ्यांसमोर तुमच्या बापाचं राज्य आहे का विचारलं आणि बदलीची धमकी दिली. दुपारी माणिकबाई आल्या. आपला गट त्यांनी स्वतःच शोधला. गडद हिरवा.

"हे शेतीचं हिरवं नाई."

"नाही. उद्यान. बागेचं आरक्षण."

"म्हनजे माह्यं वावर पालिकेचं झालं?"

"लगेच नाही. मंजुरी मिळाली की पालिका मोबदला देऊन घेऊ शकते. तोवर तुम्ही पेरा, पिकवा. बांधकाम नाही करता येणार. आणि दहा वर्षांत घेतलं नाही तर तुम्ही नोटीस देऊन आरक्षण उठवायला लावू शकता."

"दहा वर्षं." त्यांनी गडद हिरव्यावर नख टेकवलं. "हे कोनी सुचवलं? खुशालराव तं मस्करी करून राहिला होता. मस्करी कागदावर कोनी आनली?"

मला खोटं बोलता आलं असतं. समितीचं नाव पुढे करता आलं असतं.

"मसुदा मी केला," मी म्हणाले. "मला वाटलं, निदान जमीन विकली जाणार नाही."

"मले इचारलं का?"

"नाही."

"तुमी माह्या घरी चहा पेल्या. इहीर पाह्यली. मंग तरी इचारलं नाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "खुशालराव दुश्मन हाये, माहीत हाये मले. तो नाली खोदते, मी नालीतून जातो. तुमचं कसं करू?"

मी त्यांना सांगितलं की सरकारकडे निवेदन देता येईल, मी लिहून देते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि निघून गेल्या. निवेदन त्यांनी स्वतःच लिहिलं. जयवंता नावाची त्यांच्या वावरात निंदणाला येणारी बाई आहे, तिला सोबत घेऊन दोनदा अमरावतीला, विभागीय कार्यालयात जाऊन आल्या. जीवन तिथेच, चार किलोमीटरवर राहतो. त्याच्याकडे गेल्या नाहीत.

गेल्या वर्षी आराखडा मंजूर झाला. आरक्षण कायम राहिलं. पांदणीवर मुरूम पडला आणि खुशालरावांचे प्लॉट तरीही विकले गेले. पालिकेकडे बागेसाठी पैसे नाहीत, पुढची काही वर्षं होणारही नाहीत. माणिकबाई पेरतात. जीवन आईशी बोलत नाही. पिवळं गेलं ते आईच्या हट्टामुळे, असं तो नातेवाइकांत सांगतो.

माझी बदली अकोल्याला झाली. जायच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले. माणिकबाई त्यांच्या जागी बसल्या होत्या. समोर वांगी, मेथी, शेवंतीचा ढीग. मी वाकून मेथीच्या जुडीला हात लावला.

त्यांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि ढिगावर परत ठेवली.

"दुसरीकडं पाहा, मॅडम."

मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, मेथी कशी दिली. त्यांनी भाव सांगितला आणि तीच जुडी त्याच्या पिशवीत टाकली.