लांबचे आवाज

धाकट्याचे बाबा फोनवर बोलत नसत. म्हणजे ते मुके नव्हते, उलट गल्लीत त्यांच्याइतकं बोलणारं माणूस नव्हतं. पण फोन हातात धरून, कानाला लावून, "हॅलो, कसा आहेस" वगैरे म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. फोनवर बोलायची आई. बाबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून, वर्तमानपत्रातून डोकं न काढता, लांबूनच शेरे टाकत.

धाकटा शिकायला परगावी होता तेव्हापासूनची ही पद्धत. आई पलीकडून विचारायची, "परीक्षा कशी गेली?" आणि तिच्या मागून आवाज यायचा, "परीक्षेचं सोड, केस कापलेत का विचार." आई मावशीच्या मुलीचं लग्न सांगत असायची आणि मागून यायचं, "त्या लग्नात आमरस पातळ होता, तेही सांग." नोकरीभर छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, आवाज खणखणीत. आईने तो आवाज कानाआड करायची कला लग्नानंतर लवकरच शिकून घेतली होती, त्यामुळे ती त्यातलं एक अक्षर पुढे पोचवत नसे. गरजही नव्हती. धाकट्याला सगळं थेट ऐकू येई, आणि तो आईला अर्ध्यात तोडून बाबांना उत्तर देई. असं तिघांचं बोलणं दोघांच्या फोनवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. ताई थोरली, हा धाकटा. आता कानांजवळचे केस पिकायला लागले होते तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. त्याचं काम आवाज धुऊन काढायचं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत, ती रेकॉर्डिंग त्याच्याकडे येत, आणि तो कानांवर जाडजूड हेडफोन चढवून त्यातला केरकचरा काढत बसे: वाचणाऱ्याने गिळलेला आवंढा, खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याची सळसळ, बाहेरचा हॉर्न, कुठेतरी लांब भुंकणारं कुत्रं. शेवटी फक्त वाचणारा उरला पाहिजे, मागे स्मशानशांतता. या कामात तो इतका मुरला होता, की लग्नकार्यात वाजंत्री सुरू झाली तरी याच्या मनात पहिला विचार येई तो हा, की हे काढायचं झालं तर कुठून सुरुवात करावी.

कंपनीने एक दिवस सांगितलं, की तुम्ही कुठूनही काम करा, आम्हाला काम झाल्याशी मतलब. थंडीचा लहानपणापासून तिटकारा, लग्नाचा पत्ता नाही, हाताशी एक बॅग. धाकट्याने नकाशावर एक उबदार बेट शोधलं आणि घरी जाहीर करून टाकलं.

आईने विचारलं, "तिकडे डाळ मिळते का?" बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे तसं क्वचित घडे.

"बेटावर माणसं सुट्टीला जातात. राहायला जात नाहीत," ते म्हणाले.

"मी जातोय," धाकटा म्हणाला.

"मग जा. पण यापुढे माझ्याकडून एक शब्द ऐकायला मिळणार नाही तुला."

आई स्वयंपाकघरातून हसली. "तुम्हाला जमणार आहे का ते?" ती म्हणाली. धाकटाही हसला. ज्या माणसाला आमरसाबद्दल गप्प बसता येत नाही, तो मुलाच्या बाबतीत काय गप्प बसणार!

पण बाबांनी शब्द खरा केला. बेटावर पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी धाकट्याने आपल्या लॅपटॉपवरून घरच्या लॅपटॉपवर फोन लावला. पडद्यावर आई दिसली, मागे जेवणघराची भिंत आणि कॅलेंडर. आई बोलली, तो बोलला, आणि मागून काहीच आलं नाही. एक चकार शब्द नाही. आरामखुर्ची आईच्या उजव्या बाजूला लांब, म्हणजे पडद्याच्या बाहेर, त्यामुळे बाबा तिथे बसलेत की उठून गेलेत तेही कळेना. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही तेच.

"बाबा काय म्हणतात?" एकदा त्याने न राहवून विचारलं.

"काय म्हणणार, नेहमीचंच," आई म्हणाली, आणि तिने उजवीकडे हात झटकला. हल्ली ती फोनवर सारखा असा हात झटकत असे. घरात माश्या फार झालेल्या दिसतात, असं धाकट्याला वाटलं. आणि नेहमीचंच म्हणजे राग अजून आहे, हेही त्याने मनाशी धरलं.

बेट वाईट होतं असं कोणी म्हणू नये. वरच्या मजल्यावरची खोली हवेशीर होती. टेबलापाशी बसलं की दोन छपरांच्या मधून समुद्राची एक निळी पट्टी दिसे. दमट हवेने दार इतकं फुगलं होतं, की उघडताना खांदा लावावा लागे, आणि कीबोर्डात मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं, पण एवढं तेवढं कुठेही असतंच. घरमालकीण प्रेमळ होती. ती जिन्याच्या कठड्यावर पपई ठेवून जाई आणि खालून ओरडून सांगे, की पिकलीय, आजच खा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला याची साबणवडी पाठ झाली होती. तिन्हीसांजेला लोक पाण्याकाठी फिरत, धाकटाही फिरे, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मान लववून हसे.

आणि तरी धाकट्याचा जीव रमेना. काय चुकतंय हे त्याला बरेच दिवस सापडेना. आईची आठवण यावी तर आई दर रविवारी दिसत होती, अगदी स्वच्छ ऐकू येत होती. घरच्या जेवणाची म्हणावी, तर तो बऱ्यापैकी रांधत होता. मग एका दुपारी, कुणा बाईंच्या वाचनातून मागचा खोकला काढता काढता त्याचा हात थांबला. बाईंच्या घरात कुणीतरी म्हातारा माणूस खोकत होता, आणि खोकून झाल्यावर तो काहीतरी पुटपुटला होता, बहुतेक चहाबद्दल. धाकट्याने ते पुन्हा ऐकलं. परत ऐकलं. मग हेडफोन काढून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला बाबांची टोचणी हवी होती. केस कापलेत का, चपला उन्हात का ठेवतोस, ताईला फोन करत नाहीस, भाजीत मीठ बेताने टाक. लहानपणापासून ज्या बडबडीने कान किटले होते, ती ऐकायला तो आता कासावीस झाला होता. आणि ती बडबड आपण कायमची गमावली, असं त्याला वाटत होतं.

परत जावं का, हाही विचार येऊन गेला. पण जाऊन काय करणार? बाबा तिथेही बोलले नसते, तर मग जायला जागाच उरली नसती. रागावलेला बाप लांब असला की निदान दोष अंतरावर ढकलता येतो.

त्यानंतरच्या रविवारी आई कुठल्याशा शेजारणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सविस्तर वर्णन करत होती. मधेच ती उठली.

"थांब हं, तिसरी शिट्टी झाली. भाताचा लगदा होईल."

ती पडद्यावरून गेली. धाकटा रिकाम्या खुर्चीकडे आणि कॅलेंडरकडे बघत बसला. मग एकदम ताठ झाला. तिसरी शिट्टी? त्याने एकही ऐकली नव्हती. आणि त्यांच्या घरचा कुकर म्हणजे काय साधासुधा नव्हता, शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरचं बाळ दचकून उठे.

मग त्याच्या लक्षात आलं. निघायच्या आधी आईला घरचा लॅपटॉप त्यानेच लावून दिला होता. रस्त्याचे हॉर्न, पंख्याची घरघर, शेजारचा टीव्ही यांचा त्रास नको म्हणून सवयीने त्याने त्यात आपल्या धंद्यातली एक सोय घालून ठेवली होती: जवळचा आवाज तेवढा पाठवायचा, लांबचे सगळे पुसून टाकायचे. सोयही अशी तशी नाही, सगळ्यात कडक. "आई, आता तू अगदी स्टुडिओत बसल्यासारखी ऐकू येशील," असं तो वर ऐटीत म्हणालाही होता. ते यंत्र बिचारं इमानेइतबारे काम करत होतं. खिडकीजवळची आरामखुर्ची टेबलापासून चांगली लांब होती.

आई पदराला हात पुसत परत आली.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"हे काय इथे, खुर्चीत. कुठे जाणार?"

"ते बोलतायत का?"

आईने डोळे बारीक केले. "तुला ऐकू येत नाही? मघापासून तोंडाचा पट्टा चालू आहे. दर रविवारी असतो. तू उत्तर देत नाहीस, मग फोन झाला की तेही गाल फुगवून बसतात. मी म्हटलं, बापलेकांचं आहे, मी मधे पडणार नाही."

"आई, पडद्यावर खाली कानाचं चित्र आहे बघ. त्यावर टिचकी मार."

"कसलं चित्र? हे बिस्किटासारखं?"

"तेच. मार."

"बंद पडलं तर मला बोलू नकोस हं."

"नाही बोलणार. मार तू."

तिने टिचकी मारली आणि अख्खं घर धाडकन त्याच्या कानात शिरलं. पंखा, रस्त्यावरची स्कूटर, कुणाच्या तरी घरचा मिक्सर, कुकरमधून सुटणारी वाफ, आणि या सगळ्याच्या मागून, लांबून, वर्तमानपत्राच्या आडून आलेला तो खणखणीत आवाज.

"...वादळ आहे म्हणे त्या बाजूला. छापलंय इथे. समुद्राकाठी फिरायला जाऊ नको म्हणावं दोन दिवस. मागेही सांगितलं होतं. पण ऐकतोय कोण!"

धाकटा लॅपटॉपवर वाकला. "नाही जात, बाबा," तो कसाबसा म्हणाला.

तिकडे वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"अगं," बाबा म्हणाले, "तो बोलला."

"म्हणजे काय? मघापासून बोलतोयच की," आई म्हणाली.

"माझ्याशी बोलला."

आरामखुर्ची करकरली, पावलं वाजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबा फोनसमोर आले. पडद्यावर आधी हनुवटी आली, मग एक चष्म्याची काच. धाकट्याने सगळं सांगितलं. यंत्र, सेटिंग, लांबचे आवाज, आपली अक्कल. सांगताना त्याला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं.

"म्हणजे तुला राग नव्हता," बाबा म्हणाले.

"मला वाटलं तुम्हाला आहे. एक शब्द बोलणार नाही म्हणाला होतात."

"म्हणायला काय जातं?"

"पण मी उत्तर देत नव्हतो. तरी दर रविवारी बोलत राहिलात?"

"मग काय, तू बोलत नाहीस म्हणून बापाने तोंड शिवून बसायचं?"

आईने आपली खुर्ची सोडली आणि बाबांना तिच्यात बसवलं. वरणाला फोडणी द्यायची आहे म्हणाली आणि निघून गेली. वरणाला फोडणी कधीच देऊन झाली असणार, पण तिला मधे पडायचं नव्हतं.

"बाबा, मला सगळं परत सांगा," धाकटा म्हणाला. "अगदी पहिल्या रविवारपासून. एकही गाळू नका."

"एवढं कुणाच्या लक्षात राहतंय?" बाबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पहिल्या रविवारचं आठवतंय. तुला विचारलं होतं, की तिकडे करमतं का म्हणून. तू त्याचंही उत्तर दिलं नाहीस."

"नाही करमत, बाबा," धाकटा म्हणाला. "अजिबात करमत नाही."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"इथेही तेच आहे," ते म्हणाले.