दोन जावा, दोन हॉस्पिटलं

घरात दोन सुना आणि दोघी नर्स. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मला न्यायचं तर यमालाही आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल." थोरली शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डची इनचार्ज, तर धाकटी नदीपलीकडच्या लहान हॉस्पिटलात. त्या दोन हॉस्पिटलांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जावांचं बरं होतं, कारण कामाच्या गोष्टी त्या उंबऱ्याबाहेर ठेवायच्या.

सासरे न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. साहजिकच थोरलीच्या वॉर्डात आले. ऑपरेशन छान झालं. वॉकर धरून ते खिडकीपर्यंत चालले, तेव्हा वॉर्डभर कौतुक झालं. वॉकरला लघवीची पिशवी लटकत होती.

भेटायला आलेल्या धाकटीच्या नजरेतून ती सुटली नाही. व्हरांड्यात येऊन ती हळूच म्हणाली, "ताई, बाबा चालायला लागले. नळी अजून का ठेवलीय?"

"डॉक्टरांनी काढा म्हटलं नाही."

"आमच्याकडे रोज राउंडला नर्सच विचारते, आज हिची गरज आहे का? नसेल तर तिथल्या तिथे काढतो. इन्फेक्शनं खूप कमी झालीत."

"तुमचा वॉर्ड केवढा, आमचा केवढा." थोरलीचा आवाज चढला. "सून म्हणून आलीस ना? मग सुनेसारखी बाबांजवळ बस."

दुसऱ्या दिवशी थोरली डॉक्टरांना विचारणारच होती. पण सकाळीच अपघाताचे पेशंट आले, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले आणि ते राहून गेलं. मग सासऱ्यांना थंडी वाजून ताप भरला. नळीतून शिरलेलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. आयसीयूत गेलेले सासरे घरी परतले नाहीत.

कुणी थोरलीला बोल लावला नाही. "वय झालं होतं," नवरा म्हणाला. तिला ते सांत्वन सोसेना. एका दुपारी दोघी जावा सासऱ्यांचे कपडे आवरत होत्या.

"तू म्हणाली होतीस," थोरली म्हणाली. "पुन्हा का नाही म्हणालीस?"

"तुम्ही मोठ्या. वॉर्ड तुमचा." धाकटी हातातला सदरा नुसताच धरून बसली. "आणि आमच्या सरांनी बजावलंय, आपली पद्धत बाहेर सांगायची नाही. आमच्यासारख्या लहानांना मिरवायला दुसरं आहे काय? म्हणून मीही एकदा बोलले आणि सुटले."

दोघी मग बराच वेळ रडल्या.

सुतक संपल्यावर थोरली आपल्या मोठ्या साहेबांकडे गेली. दोन्ही हॉस्पिटलांनी दर महिन्याला एकत्र बसावं, कुठे इन्फेक्शन झालं, कशाने टळलं, ते मोकळेपणी सांगावं, असं तिचं म्हणणं.

"आपली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची?" साहेब म्हणाले. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत माझे सासरे गेले, सर."

साहेबांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. थोरलीने तेवढ्यावरच पुढचं ठरवलं. पलीकडे धाकटीने आपल्या सरांचा पिच्छा पुरवला.

पहिली बैठक लहान हॉस्पिटलच्या जेवणाच्या खोलीत झाली. माणसं सोयरिकीची बोलणी असल्यासारखी दोन बाजूंना बसली. चहा निवून गेला. शेवटी थोरली उठली. आपल्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटची हकीकत तिने काहीही न लपवता सांगितली. कुणी विचारलं होतं, तिने काय उत्तर दिलं, काय राहून गेलं, सगळं. तो पेशंट आपला कोण, हे मात्र तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

मग लहान हॉस्पिटलची एक नर्स चाचरत म्हणाली, "नळीचं आम्हाला जमलं. पण सलाईनची सुई टोचतो तिथे वरचेवर पू होतो. तुमच्याकडे कसं करता?"

थोरलीने आपली खुर्ची उचलली, तिच्या शेजारी नेऊन ठेवली आणि सांगायला बसली.