डायनामोचं पाप, माझ्या माथी

मी डोंगरातल्या नारीन गावच्या कालदारबेकच्या जुन्या गाडीची बॅटरी बोलतेय. वजनाने भरभक्कम, स्वभावाने जरा खट्याळ.

आमच्याकडे थंडीत संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणतात. मला शेगडीजवळ, दारापासून लांब, समोरच्या भिंतीशी मानाच्या जागी, जाड लोकरी घडीवर बसवायचे. त्याची बायको अनारकुल धुसफुसायची, "अहो, माझी आई आली तेव्हा तिला दाराशी बसवलंत, आणि या ठोकळ्याला इथे!"

"तुझी आई गाडी सुरू करते का?"

मी मनात खुदखुदायचे.

पण यंदा घरी चार्जरवर पोट भरूनही, गाडी जरा फिरली की मी गारठायचे. कालदारबेकने निकाल देऊन टाकला, "म्हातारी झाली. भंगारात घालतो."

ते ऐकलं त्याच दिवशी नातवाला पाळण्यात घालायचं होतं. पाळणा बाळाच्या आजोळहून येतो आणि त्यात बाळाला आजीच निजवते. लेकीचं सासर तासाभराच्या वाटेवर. रंगवलेला पाळणा मागच्या सीटवर तयार, आणि गाडीचा भरवसा नाही.

"आधी तपासू तरी," म्हणत अनारकुलने शेजारून मीटर आणला. त्याच्या दोन तारा माझ्या दोन टोकांना लावल्या. मला गुदगुल्याच झाल्या! इंजिन बंद असताना बारा पॉइंट सहा व्होल्ट. म्हणजे मी ठणठणीत. मग इंजिन सुरू केलं. आकडा चौदापर्यंत चढायला हवा होता. तो उलट बाराकडे घसरला.

"बघा! गाडीत हिला कोणी खायलाच घालत नाहीये," अनारकुल म्हणाली. "डायनामो उपाशी ठेवतोय आणि तुम्ही बोल हिला लावताय. तुमची खोडच आहे ती."

कालदारबेकने टोपीखाली डोकं खाजवलं. "आता नवा डायनामो कुठून आणू?"

"उद्या आणा. आज हिटर बंद, रेडिओ बंद, तुमची बडबडही बंद. दिवसाउजेडी हिच्या जोरावर पोचू."

घाटात दोघांचे दात वाजत होते. मी स्वतःला पुरवून पुरवून वापरत होते. शेवटच्या चढावर इंजिन दोनदा खोकलं. अनारकुल बॉनेटकडे बघत पुटपुटली, "बाई गं, एवढं वळण तेवढं काढ."

काढलं!

अंगणात शिरताना कालदारबेकला राहवलं नाही. त्याने हॉर्न दाबला. माझा उरलासुरला दम कोकरासारखा "बेंऽऽ" करत बाहेर पडला आणि गाडी जागीच बंद. सगळं अंगण खो खो हसलं. अनारकुल मात्र पाळणा उचलून कधीच आत धावली होती.

आता मी जावयाच्या गोठ्यात गवतावर पडून आहे. आतून तिचं अंगाईगीत ऐकू येतंय. मंडळी, तुमची बॅटरी बसली तर तिला लगेच म्हातारी म्हणू नका. इंजिन चालू ठेवून एकदा आकडा बघा. कधी कधी बिचारीला कोणी जेवायलाच विचारलेलं नसतं.