चवड्यांवर

फिजिओबाईंनी मुलीचे दोन्ही पाय पाण्याच्या टबात बुडवले आणि तिला जमिनीवर अंथरलेल्या खाकी कागदावरून चालत जायला सांगितलं. मुलगी टोकापर्यंत गेली. कागदावर बारा पावलं उमटली, आणि एकाही पावलाला टाच नव्हती.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या.

आईने पाहिलं. शाळेतल्या त्या छोट्या खोलीत, पहिलीतल्या पोरांसाठी केलेल्या बुटक्या खुर्चीवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्या देशाची भाषा तिला लिहिता झकास यायची, पण कुणी समोर बसून विचारायला लागलं की तिची बोबडी वळायची.

"वर्गातसुद्धा अशीच चालते. मैदानात पळतानाही. घरी?"

घरी तिला सगळे ढोलकी म्हणत. पोरगी पावलं टाकायला लागली तेव्हापासून आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. आजोबांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ते घर आता दूर राहिलं होतं. नऊ महिन्यांपूर्वी आई डॉक्टरेट करायला इकडे आली आणि सहा वर्षांच्या ढोलकीला बरोबर घेऊन आली. लाकडी तुळयांवर संशोधन करणारी बाई, आणि तिला विद्यापीठाने खोली दिली ती नेमकी पोकळ लाकडी जमिनीची. आपल्या गाइडला तिने ही गंमत सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला होता. तीही हसली होती. तेव्हा आवाजाच्या तक्रारीची एकच चिठ्ठी आली होती.

खालच्या खोलीत एक बेकरीवाला राहायचा. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून तो सकाळी उशिरा घरी यायचा आणि दुपारभर झोपायचा. ढोलकी शाळेतून परतायची ती बरोबर त्याच्या झोपेत. आधी त्याने काठीने छत ठोकलं, मग वर येऊन हात जोडल्यासारखं करून विनवलं, मग विद्यापीठाच्या कचेरीत तक्रार केली. त्याचंही चुकत नव्हतं, आणि हीच खरी पंचाईत होती. दुसऱ्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की आणखी एक तक्रार आली तर खोली सोडावी लागेल. बाहेर तिने सात घरं पालथी घातली. एकट्या विद्यार्थिनीला मिळत होतं. बरोबर मूल आहे म्हटलं की घरमालकाचा चेहरा बदलायचा. नवरा तिकडे महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. खोली गेली तर ढोलकीला आजीकडे पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तेही तीन वर्षांसाठी. हे तिने एकदाच आपल्या आईला फोनवर सांगितलं होतं, बाथरूमचं दार लावून, नळ सोडून.

मग तिने खेळ काढला. दुपारी घरात मांजर व्हायचं. टाच टेकली की मांजर बाद. चार दिवसांत पोरगी अशी तरबेज झाली की पाठीशी येऊन उभी राहिली तरी पत्ता लागेना. खालून हूं की चूं नाही. आईच्या जिवात जीव आला होता. तिला लेकीचा अभिमानसुद्धा वाटला होता, आणि ते आठवून आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरी काही कारण घडलं का?" फिजिओबाईंनी विचारलं. "असं चालायची सवय लागण्यासारखं? आधी टाच टेकवायची का?"

बाईंच्या मांडीवर फॉर्म होता. इथे एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत जायला वेळ लागत नाही, हे आई एव्हाना शिकली होती. पोरीला आपणच चवड्यांवर चालायला लावलं, हे तिला त्या कागदावर यायला नको होतं.

"नाही," ती म्हणाली. "चालायला लागली तेव्हापासून अशीच आहे."

ढोलकी मोजे चढवत होती. ती भाषा तिला आईपेक्षा चांगली कळायची. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि दुसरा मोजा घातला.

"मग हॉस्पिटलला पाठवते. शिरा आखडल्यात, प्लास्टर घालून ताणाव्या लागतील." बाईंनी सहीसाठी फॉर्म पुढे केला. "सवयीचं असतं तर आधी व्यायाम देऊन बघितले असते."

पेन कागदावर टेकलं होतं. अजून खरं सांगता आलं असतं. आईने सही केली.

"मी काही बोलले नाही," शाळेबाहेर आल्यावर ढोलकी म्हणाली.

"शहाणी ग माझी ती," आई सवयीने बोलून गेली, आणि ते शब्द तिच्या तोंडात कडू झाले.

दहा दिवसांनी हॉस्पिटलात ढोलकीच्या दोन्ही पायांना गुडघ्यांपर्यंत प्लास्टर चढलं, टाच खाली दाबून, पाऊल काटकोनात बसवून. तळाला जाड रबराची चप्पल बांधली. आखडलेली शीर ताणताना पोरगी कळवळली, पण रडली नाही. महिनाभर दर आठवड्याला नवं प्लास्टर घालायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "हिला बसवून ठेवू नका. जितकी चालेल तितकं चांगलं, घरीसुद्धा. टाच आधी टेकली पाहिजे."

प्लास्टरवाला मिस्कील होता. "आता पाहिजे तितके आपट पाय," तो तिला म्हणाला. "मोडणार नाही."

हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात ढोलकीने एक पाय आपटला. दण्‌ असा आवाज झाला. तिने दुसरा आपटला आणि तिला खुदकन हसू फुटलं. बस येईपर्यंत ती फुटपाथवर दणादणा फेऱ्या मारत होती. आई पिशवी सांभाळत मागे उभी होती. कित्येक महिन्यांत लेकीचा असा आवाज तिने ऐकला नव्हता, आणि तो ऐकताना तिला भरून आलं, आणि भीतीही वाटली.

खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा पावणेचार झाले होते. आई आत जाऊन पिशवी ठेवते तोवर मागे काहीच आवाज झाला नाही. तिने वळून पाहिलं. ढोलकी उंबऱ्यापाशी खाली बसली होती आणि आता हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत आत येत होती. पावलं लाकडाला लागू नयेत म्हणून तिने दोन्ही प्लास्टरं वर उचलून धरली होती. ओझ्याने तिच्या मांड्या थरथरत होत्या.

"उभी राहा," आई म्हणाली.

"अगं, असं केलं की आवाज येत नाही. बघ."

"डॉक्टर काय म्हणाले? चालायचं."

"खालचे काका झोपलेत."

"झोपू देत. उठले तर उठले."

आई चेष्टा करतेय की काय, अशा नजरेने ढोलकीने मान वर केली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "अगं, मग तिसरी चिठ्ठी येईल. आणि मला आजीकडे राहावं लागेल. तीन वर्षं."

 आई भिंतीला टेकून लेकीसमोर खाली बसली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच आजीला सांगत होतीस. बाथरूममधून."

"कधी ऐकलंस तू?"

"मांजर-मांजर खेळायच्या आधी."

"आधी? म्हणजे तुला तेव्हाच..."

"पण खेळ चांगला होता," ढोलकी घाईघाईने म्हणाली, आईला वाईट वाटू नये म्हणून. "मला आवडायचा."

आईने तिचे दोन्ही तळवे हातात घेतले. रांगून त्यांना धूळ लागली होती. ती अंगठ्याने पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली. "तुला एकटीला कुठेही पाठवणार नाही. जायची वेळ आलीच तर दोघी जाऊ."

ढोलकीने यावर विचार केला. "आणि तुझा अभ्यास?"

आई उठली. तिने लेकीला काखांत हात घालून उचललं आणि खोलीच्या मधोमध, उघड्या लाकडावर उभं केलं.

"टाच टेक," ती म्हणाली.