पोटाशी धरलेली पिल्लं

गिऱ्हाइकाची जुनी गादी उसवली आणि कापसातून पाच गुलाबी पिल्लं निघाली. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही. उंदरीण केव्हाच पसार झालेली. मी सुपात भरून फेकायला निघाले, तर सूनबाईने हात धरला.

"राहू द्या ना, आई."

सातवा महिना लागलेल्या बाईशी कोण डोकं लावणार? म्हटलं, कर काय करायचं ते, नावंही ठेवून टाक.

आमचा गाद्यांचा धंदा. कापसाची धूळ आम्ही जेवणाबरोबर खातो आणि नाकाला फडकं बांधणाऱ्याला 'नवरी' म्हणून चिडवतो. तेव्हा हातमोजे कोण घालतंय! सूनबाई वातीने थेंबथेंब दूध पाजायची, ओल्या बोळ्याने पोट पुसून त्यांना शू करायला लावायची आणि ऊब मिळावी म्हणून पदराखाली पोटाशी धरून बसायची.

मग तिला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं. दवाखान्याच्या बाकावर तिने माझं मनगट आवळलं.

"डॉक्टरीणबाईंना पिल्लांचं सांगू नका. फेकायला लावतील."

"लावू देत!"

"तसं नाही हो. मागच्या वेळी माझं पोटातच गेलं. मी मनाशी ठरवलंय, ही जगली तर हेही जगेल."

तेवढ्यात आमचा नंबर लागला.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात उंदीर वगैरे?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

बोलले तर ही दुरावणार आणि गप्प बसले तर पोटातल्या जिवाशी खेळ.

"आहेत," मी म्हणाले. "पिल्लं आहेत. उघड्या हातांनी सांभाळते."

बाईंचं पेन थांबलं. उंदरांच्या लघवीतून, लेंड्यांतून, घरट्याच्या धुळीतून एक विषाणू येतो, त्या म्हणाल्या. एरवी माणसाला नुसता ताप येतो, पण बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना इजा होऊ शकते. त्यांनी रक्त तपासायला घेतलं. पिल्लांपासून लांब राहायचं, घरटं झाडायचं नाही, जंतुनाशकाने भिजवून मगच पुसायचं.

घरी येऊन सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडली. मुलगा दोघींच्या मध्ये चहाचे कप नाचवत राहिला.

पिल्लं मी मागच्या पडवीत नेली. हातमोजे घातले, नाकाला फडकं बांधलं. कारागीर हसला, त्याला असा झापला की दिवसभर मान वर केली नाही त्याने. आता ही मेली तर पोरीचा धीरच सुटणार, म्हणून मी दूध पाजायला बसले. पण माझा हात गादी शिवणारा, दाभणाचा. दूध एकाच्या नाकात गेलं, मग दुसऱ्याच्या. उरलेली आपोआप गार पडत गेली. मी ती पुरली आणि घरात मूग गिळून बसले.

रिपोर्ट आला तेव्हा फोन माझ्याच हातात होता. विषाणू नव्हता, साधाच ताप होता. मी मोठ्याने रडले.

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पिल्लं?"

खोटं सहज खपलं असतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"गेली गं. पाचही."

दोन्ही हात पोटावर ठेवून ती बसून राहिली. बाळ हलेना. ती श्वास रोखून होती आणि मीही. कशाला खरं बोलले, असं मला झालं.

मग तिच्या बोटांखाली पदर हलला. पुन्हा हलला.

"ती गेली," ती हळूच म्हणाली, "आणि हे तर लाथा मारतंय."

तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"बघा ना, आई."